शिंगट्याचा एक्स-रे

आता तुम्ही म्हणाल, आजी सुरू झाली. म्हणा. गेल्या महिन्यात मी विश्रांतवाडीच्या दातांच्या डॉक्टरांकडे एक मासा नेला. तो खुर्चीत ऐसपैस बसला आणि मिशांना पीळ देत म्हणाला, "आधी आजींना तपासा."

बरं, एवढं नसेल झालं. पण मासे नेले होते.

माझी नात स्वराली शिंगट्यांवर पीएचडी करते. शिंगटा म्हणजे तो मिशावाला, खवलं नसलेला मासा. खडकवासल्याच्या वरच्या ओढ्यात तिला तीन मिळाले. दिसायला नदीतल्यांसारखेच, पण डीएनए वेगळा आला. पोरगी हरखली. तिच्या गाइड सरांनी सांगितलं, नुसत्या डीएनएवर नवी जात होत नाही, हाडातही फरक दाखव. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढ. शिवाय मासे चिरायचे नाहीत, अख्खे जपायचे. त्यात कॉलेजचं एक्स-रे मशीन बंद. पोरीचं जेवणच सुटलं.

मी म्हटलं, माझ्या दाढेचा फोटो निघतो, तर या बोटभर माशाच्या डोक्याचा का नाही निघणार? ती म्हणाली, लोक हसतील. हसू देत की, दात दिसले तर डॉक्टरांचाच फायदा.

डॉक्टर सुदर्शन तोलून मापून बोलणारे.

"पेशंट कुठाय?"

"डब्यात."

त्यांनी झाकण उघडलं, स्पिरिटचा भपकारा आला, झाकण लावलं. "अपॉइंटमेंट?"

"माझ्या नावावर आहे. कवळीची."

मग स्वरालीनं चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी हातमोजे बदलले. आधी तुलनेसाठी आणलेल्या नदीतल्या शिंगट्याचा फोटो काढला. डोक्यामागचं हाड थेट पाठीवरच्या हाडाला टेकलेलं. मग ओढ्यातला घेतला. डॉक्टर स्क्रीनकडे बघतच राहिले.

"फट आहे," ते म्हणाले. "दिवसभर फटीच बघतो मी. ही आहे."

दुसऱ्यालाही होती, तिसऱ्यालाही. स्वरालीनं माझा हात असा दाबला की बांगडीच वाढली.

"आता कवळी दाखवा, आजी."

कवळी घरीच राहिली होती. पिशवीत डबे मावत नव्हते ना.

सरांनी फोटो बघून कळवलं, प्रकरण राहू दे, पावसाळ्यानंतर ओढ्यातले आणखी मासे तपासू. तेव्हापासून पोरगी दोन पोळ्या जास्त खाते.

आमच्या सोसायटीत मात्र कुणाचा विश्वास बसत नाही. बसू नये. माझ्या एवढ्या गोष्टींत एक्स-रे असलेली ही एकच आहे.