डॉ. एस. एस. गजभारे, मुक्काम लोहा

मी व्यंकटराव. लातूरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो, आता रिटायर आहे. लोक म्हणतात मी तापट आहे. आहेच. सत्तावीस वर्षं प्रोफेसर लोकांचे अर्ज टाईप केले तर कुणाचंही डोकं तापेल. ज्यांना मस्टरवर सही कुठल्या रकान्यात करायची ते कळत नाही, ते दारात येऊन म्हणणार, "व्यंकटराव, मला विद्यापीठाकडून संशोधनाला पैसे पाहिजेत." पाहिजेत ना, मग बसा.

विद्यापीठ पैसे देत नाही असं नाही. पण त्याची एक रीत असते. अर्ज सात प्रतीत करायचा, प्राचार्यांच्या सहीनं पाठवायचा. मग समिती बोलावते आणि चोराची घ्यावी तशी उलटतपासणी घेते. पसंत पडलं तर पहिला हप्ता मिळतो, आणि तो कुठं घातला त्याचं प्रमाणपत्र दिलं की दुसरा. एवढ्यात अर्जाचा एक रकाना जरी मोकळा राहिला तर सातही प्रती जशाच्या तशा परत. म्हणून आमच्या ऑफिसात एक पद्धत पडली होती. सर लोक अर्ज हातानं लिहून देणार आणि मी टाईप करताना तो सुधारणार. कुणी 'बघून येणे' लिहिलं तर मी 'क्षेत्र पाहणी' करायचो, कुणी 'लोकांना विचारणे' लिहिलं तर 'मुलाखतींद्वारे संकलन'. माझा एकही अर्ज परत आलेला नव्हता. त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

शहाऐंशी साल होतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, एसपी आले, ऑफिसं थाटली, पाट्या बदलल्या, पण पाऊस काही नव्या जिल्ह्याला जुमानेना. कॉलेजचा बोअर आटला होता. प्रयोगशाळेतल्या नळाखाली पोरं वह्या ठेवायची. त्या वर्षी नरसिंग गजभारे म्हणून वनस्पतिशास्त्राचे नवे सर लागले होते. सव्वीस वर्षांचं पोरगं, लोह्याचं. नोकरी अजून कायम झाली नव्हती.

या माणसावर माझा जीव होता, ते आधीच सांगतो. आमची बायको कावेरीबाई दोन महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज सकाळी सायकलला दोन कॅन लावून पाणी घरी आणून टाकायचा. मी म्हणालो नव्हतो, त्यानंही कधी बोलून दाखवलं नाही. एकदा मी रागानं म्हणालो, "सर, तुम्ही प्रोफेसर, लोक काय म्हणतील?" तर म्हणाला, "लोक म्हणून राहिले की आमच्याकडं पण टाका." अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

तर हे सर एक दिवस अर्ज घेऊन आले. विषय काय, तर दुष्काळात माणसं खातात त्या रानवनस्पती. लोहा आणि मुदखेडच्या बाजूची गावं फिरायची, म्हाताऱ्या बायांना विचारायचं, पाले गोळा करायचे, आणि त्यांच्यात कस किती आहे ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासायचं.

मी म्हणालो, "सर, दुष्काळ आपण भोगूनच राहिलो. वर त्याचा अभ्यास?"

ते म्हणाले, "व्यंकटराव, बहात्तरला काय काय खाल्लं ते सांगणाऱ्या बाया संपत चालल्या. परवा आमच्या गल्लीतली कोंडाबाई गेली. तिच्यासंगं दहा-बारा पाल्यांची ओळख गेली. पुन्हा कुणाला विचारू?"

मी अर्ज वाचायला घेतला. 'विषयतज्ज्ञ' या रकान्यात लिहिलं होतं: सरजाबाई सटवाजी गजभारे, मुक्काम लोहा. शिक्षण: नाही. अनुभव: बहात्तरचा दुष्काळ.

"ही कोण?"

"माय माझी."

"मायला तज्ज्ञ करता व्हय?"

"मग कुणाला करू? पुस्तकात चौदा पाले आहेत. तिला चाळीस ठावे आहेत."

मी अर्ज ठेवून घेतला. पण टाईप करायला बसलो तेव्हा बोटं अडली. 'शिक्षण: नाही' असं विद्यापीठाला पाठवायचं? समिती पहिल्या पानावरच अर्ज बाजूला सारेल, आणि या पोराची मेहनत वाया जाईल. मग मी माझ्या सवयीप्रमाणे सुधारणा केली. लिहिलं: डॉ. एस. एस. गजभारे, लोहा. शिक्षणाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं ठोकून दिलं. सात प्रती, सात शिक्के, रजिस्टर पोस्ट. सरांना दाखवलं नाही. दाखवायची पद्धतच नव्हती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. विद्यापीठ लांब, म्हणून आमच्या बाजूच्या कॉलेजांसाठी समिती नांदेडला बसणार होती. खाली ओळ होती: आपले विषयतज्ज्ञ डॉ. एस. एस. गजभारे यांना सोबत आणावे. 

सरांना बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले. "काय व्यंकटराव, शाळेचं तोंड न बघता माझ्या मायला डॉक्टर केलंत." मग मी अर्जाच्या पाठीमागं छापलेला नियम दाखवला आणि त्यांचं हसू मावळलं. खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द, आणि पुढं पाच वर्षं त्या अध्यापकाला अर्ज करता येणार नाही. पाच वर्षांत किती म्हाताऱ्या जातील याचा हिशेब दोघांनीही मनातच केला.

"आजारी आहेत म्हणून कळवू," मी म्हणालो.

"न्हाई. माय येईल. मी खोटं बोलणार न्हाई. तुमचं नाव पण घेणार न्हाई."

"आणि चूक कुणाची म्हणून सांगणार?"

"अर्ज माझा, सही माझी."

मला असा राग आला की काय सांगू. स्वतःचाच. मी रजा टाकली आणि त्यांच्यासंगं निघालो.

लातूरहून अहमदपूर, तिथून लोहा. लोह्याच्या स्टँडवर सरजाबाई एसटीत चढल्या. पन्नाशीच्या असतील, पण वाळलेल्या, हाताला घट्टे. नुकतं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. मला "जयभीम दादा" म्हणाल्या, मी "जयभीम" म्हणालो. बसल्या बसल्या लेकाला विचारलं, "कशाला बलावलं रे मला?"

"बहात्तरला आपण काय काय खाल्लं ते विचारणार आहेत."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "असलं काय सांगावं सायबास्नी? लाज हाय का न्हाई?"

"खाल्लं, चोरलं तर न्हाई ना?" मी म्हणालो.

 त्या नांदेड येईस्तोवर खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि मला वाटलं, संपलं. एक तर डॉक्टर नाही, आणि जी आहे ती तोंड उघडणार नाही.

नांदेडला एका कॉलेजच्या हॉलमध्ये समिती बसली होती. मधे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, चष्म्याच्या वरून बघणारे. बाजूला वनस्पतिशास्त्राचे एक साहेब. आमचं नाव पुकारलं. मी दाराशी थांबलो, सर आणि सरजाबाई आत गेले. सरजाबाई खुर्ची असून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर गजभारे कुठं आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडायच्या आत मी आत घुसलो. "साहेब, डॉक्टर मी केलं. सरांना ठाऊक नव्हतं. या त्यांच्या आई. शिकलेल्या नाहीत."

"तुम्ही कोण?"

"हेडक्लार्क."

"हेडक्लार्कला डॉक्टरकी देता येते?"

"येत नाही साहेब. देऊन बसलो."

कोपऱ्यातला शिपाई हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी फाईल मिटली. "मग प्रश्नच उरत नाही. नियम स्पष्ट आहे. पुढचा अर्ज घ्या."

सर उठून उभे राहिले.  त्यांनी मायच्या खांद्याला हात लावला, चल म्हणून. मला वाटलं, हात तोडून टाकावेत माझे.

तेवढ्यात वनस्पतिशास्त्राचे साहेब आपल्या प्रतीला टाचलेला एक वाळका पाला दाखवत म्हणाले, "जाण्याआधी एक सांगा गजभारे. तुमच्या यादीतला नवव्या नंबरचा पाला. हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा एक विषारी पाला आहे. तुम्ही लिहिलंय, लोक खात होते. कोणता खायचा आणि कोणता नाही हे ठरवलं कसं? पद्धत काय होती? इथं नुसतं 'पारंपरिक ज्ञान' लिहिलंय. उद्या तुमचं वाचून कुणी मेलं तर?"

सर म्हणाले, "ते मला ठाऊक नाही सर. तेच विचारायचं होतं."

"म्या सांगू?" सरजाबाई म्हणाल्या. भिंतीपासून हलल्या नाहीत, फक्त पदर नीट केला. "नवा पाला गावला की आदी म्या खायाची. सकाळच्या पारी, मूठभर, उपाशीपोटी. मंग खडी फोडाया जायाची दुष्काळी कामावर. दिवसभर जीभ सुजली न्हाई, पोटात कळ आली न्हाई, डोळ्याम्होरं अंधारी आली न्हाई, तर सांजच्याला त्योच पाला लेकरास्नी शिजवून घालायची. दोन डाव लागलं. एक डाव शेजारच्या नागुबाईनं चिंचेचं पानी पाजून वकाया लावलं. दुसऱ्या डावाला तीन दिस उठले न्हाई. ते पाले सोडून दिले. तुमी म्हंता त्यो नववा चांगला हाय. त्याच्या देठावर लव असती. ज्याला लव न्हाई, त्यो बाधतो."

 ते साहेब हळू म्हणाले, "आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"

"लेकरास्नी बाप व्हता की," सरजाबाई म्हणाल्या.

मी सरांकडं बघितलं. ते मायकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. पहिल्यांदाच ऐकत होते ते.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फाईल उघडली.  मग मला म्हणाले, "आठ दिवसांत नवा अर्ज पाठवा. डॉक्टर काढून टाका. शिक्षण नाही म्हणून स्पष्ट लिहा. बाई आत्ता बोलल्या ते पद्धतीच्या रकान्यात जसंच्या तसं घाला, त्यात सुधारणा करू नका. आणि तुमचा माफीनामा जोडा." नंतर सरजाबाईंकडं वळून म्हणाले, "तज्ज्ञ म्हणून तुमचंच नाव राहील बाई. नियमात कसं बसवायचं ते मी बघतो."

सरजाबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि आम्ही बाहेर पडलो. मंजुरी पुढच्या महिन्यात आली, मागितलं त्यापेक्षा कमी, पण आली.

त्या दिवशी हॉलबाहेर आल्यावर मी खुशीत होतो, चहा पाजतो म्हणालो.  स्टँडवर सरजाबाईंना बाकड्यावर बसवून सरांनी मला जरा लांब नेलं.

"व्यंकटराव, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "सकाळी डोळे उघडले की रोज दिसायचं, माय चुलीपाशी एकटीच बसून खाती. आम्ही भावंडं हात पुढं करायचो तर फटका मारायची. म्हणायची, तुमास्नी सांजच्याला. मी तेव्हापासून मनात धरून होतो. चौदा वर्षं. पहिला पगार झाला तेव्हा तिला लुगडं घेतलं, पण घेताना मनात होतं की हिनं आपल्याआधी खाल्लं. अजून ती ताटात भाकर वाढून 'आणखी घे' म्हणती, तेव्हा मी मनात म्हणतो, तवा का न्हाई दिली?"

 एवढा शिकला-सवरलेला माणूस, भर स्टँडवर रडत होता. मी उपरणं पुढं केलं. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली.

एसटीत दोघं मायलेकं शेजारी बसली, मी मागच्या सीटवर. सोनखेड मागं पडलं. मग सर एकदम म्हणाले, "माय, मला कधी सांगितलं का न्हाईस?"

सरजाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की जणू एवढा शिकून पोरगं अडाणीच राहिलं.

"सांगितलं असतं तर सांजच्याला तू घास घेतला असतास व्हय?"

सरांनी तिचा हात धरला. तो तसाच धरून ठेवला, लोहा येईस्तोवर. लोह्याला माय उतरली तसे तेही उतरले आणि खिडकीशी येऊन मला म्हणाले, "उद्याची माझी रजा टाका, व्यंकटराव."

मी टाकली.