वाघोबाच्या कातळावरची चुन्याची रेघ

मित्रांनो, मी एक जुना कातळ आहे. किती जुना ते विचारू नका. वय लपवायची खोड मला नाही, पण मोजायला कुणी बसलंच नव्हतं. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी, भातखाचरांचा शेवटचा बांध संपतो आणि रान सुरू होतं, तिथे मी पसरलेला आहे. कुणी मला माळ म्हटलं की मला राग येतो. माळ सपाट असतो. माझ्या अंगावर एक घोंगडी नीट अंथरता येईल एवढीसुद्धा सपाट जागा नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म आगीतला, असं गावचे मास्तर मुलांना सांगायचे. असेलही. पुढे पाण्याने मला कोरत आणलं. पायथ्याशी गोट्यांनी भरलेला ओहोळ झाला, त्याच्यावर गुडघाभर उंचीच्या तीन पायऱ्या झाल्या, आणि तिथून एक अरुंद, कलती वाट माथ्यापर्यंत गेली. माणसांना माझा उपयोग तसा साधाच होता. कुणी माझ्यावर नाचणी वाळवायचं, कुणी कोयती घासायचं. कातकरवाडीतल्या बाया मोळी घेऊन रानातून उतरायच्या त्या माझ्या अंगावरूनच.

माझ्या माथ्यावर वाघोबा आहे. म्हणजे शेंदूर लावलेला हातभर उंचीचा दगड. तेव्हा सिद्धगडाच्या रानात वाघ खराखुरा होता, नुसता गोष्टीतला नव्हे. म्हणून रानात जाणाऱ्या-येणाऱ्यांची एक रीत होती. वाघोबासमोर आलं की थांबायचं, दोन्ही पाय माझ्यावर टेकायचे, हात कपाळाला लावायचा आणि मग पुढे व्हायचं. डोक्यावर मोळी असलेली बाईसुद्धा थांबायची, एक हात मोळीला आणि एक कपाळाला. रीत मोडली तर वाघोबा मोडणाऱ्याला काही करत नाही, त्याच्या घरातलं जे माणूस रानात जातं त्याला धरतो, असं सगळे मानत. खरं-खोटं मी दगड काय सांगणार? पण ही रीत मोडताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं.

एकोणीसशे छप्पन साली माझ्या आयुष्यात फटफटी आली. ती घेऊन आले गावचेच शेतकरी धाऊदादा. महायुद्धात ते लष्करात होते. रस्ते उखडलेले असत तेव्हा एका तळावरून दुसऱ्या तळावर फटफटीवरून निरोप पोचवायचे. गावी परतल्यावर भातशेतीत हात रमले, पण मन काही रमेना. मग लष्कराच्या मोडीतली एक हिरवट फटफटी त्यांनी कुठून तरी पैदा केली. पहिल्या दिवशी ते माझ्यावर अकरा वेळा पडले. मला फार गंमत वाटली. बाराव्या वेळी त्यांनी टायरातली निम्मी हवा सोडली, आसनावरून उठून उभे राहिले आणि सावकाश, जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने, तिन्ही पायऱ्या चढून आले. तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस मला ओळखायला लागला.

लढाईत धाऊदादांचे वरचे अधिकारी होते केकीसाहेब. मुंबईला त्यांचं फटफट्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि हौशी लोकांचा एक लहानसा क्लबही होता. ते एकदा जुन्या शिपायाला भेटायला आले, मला पाहिलं आणि हरखलेच. त्यानंतर दर वर्षी दिवाळी सरली की क्लबातली सात-आठ माणसं रविवारी माझ्याकडे सरावाला येऊ लागली. शिकवायला धाऊदादा. या खेळाला ते लोक ट्रायल म्हणत. ही शर्यत नव्हे बरं का. कोण आधी पोचलं याला इथे काडीची किंमत नाही. चुन्याच्या दोन रेघांमधून, दगडधोंड्यांवरून, पाय न टेकता गाडी न्यायची. पाय एकदा टेकला तर एक दंड, दोनदा टेकला तर दोन. पडलात किंवा नुसते थांबलात तरी एकदम पाच. ज्याचा दंड सगळ्यांत कमी तो पहिला.

मित्रांनो, ते रविवार मला आजही आठवतात. सकाळचं ऊन माझ्या पाठीवर यायच्या आत मुंबईची मंडळी हजर असायची. त्यांच्या गाड्यांचे सूर वेगवेगळे, मला सगळे पाठ झाले होते. धाऊदादा काठी घेऊन बाजूने चालायचे आणि कुणी चाकाकडे पाहिलं की काठी माझ्यावर आपटायचे. दुसऱ्या पायरीला त्यांनी नाव ठेवलं होतं रडकी पायरी. तिथे चांगले मिशाळ बाप्येसुद्धा रडकुंडीला आलेले मी पाहिले आहेत. दुपारी सगळे आंब्याखाली भाकऱ्या खात बसायचे आणि माझ्याविषयी बोलायचे. कातळ कसला खट आहे, असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचो.

अशाच एका रविवारी सावळ्या फटफटीवर बसला. सावळ्या कातकरवाडीतला, चोविशीचा, धाऊदादांकडे बांधबंदिस्तीच्या कामाला येणारा गडी. क्लबातल्या एकाने थट्टेने त्याला म्हटलं, बघ जमतंय का. सावळ्या अनवाणीच बसला आणि रडकी पायरी चढून गेला. तिसरीवर आडवा झाला, पण तोवर थट्टा करणाऱ्याचं हसू गेलं होतं. माझ्या अंगावरचा प्रत्येक खाचखळगा त्याच्या तळव्यांना लहानपणापासून ठाऊक होता, त्यात काय नवल.

धाऊदादांनी त्याला शिष्य केलं. सांगताना ते पुस्तकी काही सांगायचे नाहीत. सावळ्याची बायको जिवली मोळी घेऊन उतरताना दिसली की तिच्याकडे काठी करायचे.

"बघ तिच्याकडं. ती पायाकडं बघते का कवा? जायचं हाय तिकडं बघते. तसं बघ."

"दादा, ती माझ्याकडं पण बघत नाय," सावळ्या म्हणायचा.

"तू रस्त्यात नाय, म्हणून."

जिवली पुढे जाऊन हसायची, पण हसता हसता तिला खोकला यायचा. तो खोकला थट्टेचा नव्हता. कातकरवाडीतली घरं दर वर्षी दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकली की, कोळशाच्या भट्ट्यांवर जात ती पावसाळ्याच्या तोंडावर परतत. भट्टीचा धूर जिवलीच्या छातीत बसला होता. मुरबाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला पुन्हा धुरात नेऊ नका. सांगणं सोपं असतं. ज्यांना स्वतःचा वीतभर तुकडा नाही, त्यांनी पावसाळ्यापर्यंत खायचं काय?

एकोणीसशे त्रेसष्टच्या दिवाळीनंतर वाडी भट्ट्यांवर निघून गेली, पण सावळ्या आणि जिवली मागे राहिली. कारण केकीसाहेबांनी धाऊदादांना शब्द दिला होता. पौषात म्हसा गावी भरणाऱ्या जत्रेनंतरच्या रविवारी क्लबाची मोठी ट्रायल माझ्यावर व्हायची होती. सावळ्या पहिल्या तिघांत आला, तर साहेब त्याला गॅरेजात घेणार होते. दुरुस्त झालेल्या गाड्या चालवून पारखायचं काम, आणि मागे राहायला खोली. तोवर धाऊदादांचं बांधाचं काम आणि जिवलीची लाकडं यांवर दोघांनी कसंबसं भागवलं. ती रोज एकटी रानात जायची. सावळ्या रोज माझ्यावर घाम गाळायचा.

सरावाच्या रेघा धाऊदादा स्वतः आखत आणि त्या माथ्याच्या खालून वळवून घेत. वाघोबासमोरून फटफटी न्यायची वेळच ते येऊ देत नसत. हे क्लबवाल्यांना ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि धाऊदादांनी सांगितलं नाही.

ट्रायलच्या दिवशी सकाळी चुन्याची पाटी केकीसाहेबांनी स्वतःच्या हातात घेतली. माझ्या माथ्यावरची कलती वाट त्यांना भारी आवडली. त्यांनी शेवटचा टप्पा थेट वाघोबाच्या पुढ्यातून नेला. वाघोबाला त्यांनी भक्तिभावाने हातही जोडले, चांगला माणूस तो. पण थांबायची रीत त्यांना काय माहीत?

"ठीक आहे ना, धाऊ?" त्यांनी विचारलं.

धाऊदादांचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील. रेघ चार हात खाली घेतली असती तरी काम होतं. पण लष्करात साहेबांच्या हुकमावर उलट बोलायची सवय नव्हती, आणि मनात भीतीही असावी, की असल्या अडचणी सांगितल्या तर क्लब दुसरी जागा बघेल.

"हो साहेब," ते म्हणाले.

मग ते सावळ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आज हात मनातल्या मनात जोड. देव काय आंधळा नाय." सावळ्याने मान हलवली.

जत्रेहून नवी घोंगडी खांद्यावर टाकून परतणारे लोक बघायला थांबले. ओहोळ भरून माणसं झाली होती. प्रत्येक टप्प्यावर एक जण दंड लिहायला उभा होता. माथ्यावर केकीसाहेबांनी धाऊदादांना उभं केलं. शिष्य यांचाच, तरी यांनाच का, असं कुणी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "धाऊ खोटं लिहिणार नाय." माथ्यावरचं खालच्या कुणाला दिसत नव्हतं. तिथे फक्त धाऊदादा होते आणि मी.

सावळ्या त्या दिवशी असा चालवत होता की मलाच माझ्या कठीणपणाची शंका आली. ओहोळातले गोटे त्याने एकही पाय न टेकता पार केले. तोवरच्या सगळ्या टप्प्यांत मिळून त्याचा दंड झाला तीन, आणि आता शेवटचा टप्पा उरला होता. कलत्या वाटेने तो वर आला. नजर पुढे, गुडघे सैल, हात स्थिर. वाघोबा समोर आला. धाऊदादा श्वास धरून उभे होते. मीही.

सावळ्या थांबला.

त्याने दोन्ही पाय माझ्यावर टेकले, अगदी नीट, घाईने नव्हे. उजवा हात कपाळाला लावला. मग गाडी पुन्हा चालू केली आणि रेघांच्या बाहेर पडला.

धाऊदादांच्या हातात कागद होता. शून्य लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकून राहिली. मग त्यांनी पाच लिहिले. तिसऱ्या आलेल्याचा दंड सात होता. सावळ्याचा झाला आठ.

मंडळी पांगल्यावर धाऊदादा त्याच्यापाशी येऊन बसले.

"का रे थांबलास?"

सावळ्या खाली बघत होता. "जिवली रोज रानात जाते, दादा."

धाऊदादांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "पाच तुझ्या नावापुढं लिवलं. पण ते तुझं नाय. सकाळी साहेबानं विचारलं तवा मी गप बसलो. ते माझं हाय."

सावळ्या उठला, फटफटीवरचा चिखल पुसला आणि ती धाऊदादांच्या गोठ्यात लावून आला. तिसऱ्या दिवशी तो आणि जिवली डोक्यावर बोचकी घेऊन माझ्यावरून गेली, वाडीतली माणसं होती त्या भट्टीकडे. वाघोबासमोर दोघंही थांबली. जिवलीचा खोकला मला पार रानात शिरेपर्यंत ऐकू येत होता. मला कधी नाही तो माझ्या कठीणपणाचा तिटकारा आला.

पुढच्या वर्षी क्लब पुन्हा आला. केकीसाहेबांनी चुन्याची पाटी घेतली आणि माथ्याकडे निघाले. या वेळी धाऊदादा आडवे उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. वाघोबाची रीत, सावळ्याचं थांबणं, स्वतःचं गप्प बसणं.

केकीसाहेबांनी वाकून माथ्याच्या चार हात खाली रेघ ओढली आणि ते सरळ उभे राहिले. या सगळ्याला एक चिलीम ओढण्याएवढाही वेळ लागला नाही.

"बस, एवढंच?" ते म्हणाले. "मग लास्ट टाइमला का नाय बोलला, धाऊ?"

धाऊदादांनी काठी साहेबांच्या हातात दिली आणि ट्रायल सुरू व्हायच्या आधीच फटफटी काढून भट्टीच्या वाटेला लागले. पाच दिवसांनी ते सावळ्याला घेऊन आले. थांबल्याचे ते पाच साहेबांनी मोजलेच नाहीत, शब्द पाळला. सावळ्या गॅरेजात लागला, जिवलीला धुराबाहेरची खोली मिळाली. पण मधल्या वर्षात पावसाळा सोडला तर ती भट्टीपाशीच होती. तिचा खोकला कमी झाला, पुरता गेला मात्र कधीच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ती वाडीत येते तेव्हा माझ्यावर दोनदा बसून दम घेते. पूर्वी ती मोळी घेऊनसुद्धा बसत नसे.

आता क्लब येत नाही. मुंबईजवळच त्यांना कुठली तरी टेकडी मिळाली म्हणतात. धाऊदादांचे गुडघे गेले. फटफटी गोठ्यात आहे आणि तिच्या आसनावर कोंबडी अंडी घालते. माझ्या अंगावरचा चुना धुऊन गेला, रडक्या पायरीच्या फटीत गवत उगवलं. कधी एखाद्या रविवारी ऊन पाठीवर आलं की मी कान देतो. रस्त्यावरून ट्रक जातो, तेवढंच. मला त्या दिवसांची फार आठवण येते, हे कबूल करायला मला लाज नाही.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एक ऐका. कुणाच्या गावी, कुणाच्या कातळावर, ओढ्यात, रानात खेळायला गेलात, तर रेघ मारायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा, इथली रीत काय आहे. आणि तुम्ही तिथलेच असाल, तर कुणी विचारायची वाट बघत बसू नका. सांगून टाका.