दिवेलागणीचे आकडे

यादोरावांना देवाची आठवण महिन्यातून एकदाच यायची. पहिल्या शुक्रवारी, दिवेलागणीला. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत नोकऱ्यांचे आकडे जाहीर होतात. नोकऱ्या कमी निघाल्या की व्याजदर उतरणार अशी हवा होते आणि सोनं चढतं, एवढं अर्थशास्त्र त्यांनी निवृत्तीनंतर मोबाइलवर पक्कं केलं होतं. फंडातला अर्धा पैसा सोन्यात होता. त्यामुळे गोंदियातल्या आपल्या देवघरासमोर डोळे मिटून ते मनात म्हणत, ‘देवा, तिकडच्या नोकऱ्या जाऊ दे. जरा जास्तच जाऊ दे.’ तसं त्यांचं अमेरिकेशी काही वाकडं नव्हतं.

बायकोला, शांतीबाईंना, या भक्तीचं भारी कौतुक. त्यांनी एकदा विचारलं तेव्हा यादोराव घाईघाईत “तिकडच्या नोकऱ्यांसाठी” एवढंच बोलून गेले होते. भाचा गजेंद्र अमेरिकेतच, डॅलसला एका कंपनीत होता. शांतीबाईंनी अर्थ लावून घेतला.

या शुक्रवारी देवानं ऐकलं. आकडे पडले, सोनं उसळलं, यादोराव रबडी घेऊन आले. रविवारी संध्याकाळी कामठ्याहून त्यांची धाकटी बहीण रीता आली ती दारातच रडायला लागली. गजेंद्रची नोकरी गेली होती.

“भाऊ, वहिनी सांगून राहिली, तुम्ही दर महिन्याले त्याच्यासाठी हात जोडता. अजून एक डाव जोडा ना!”

गोंदियातल्या देवघराचा अधिकार डॅलसपर्यंत कसा चालेल, असं यादोरावांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण शुक्रवारी तो चालला, हे त्यांनीच रबडी आणून मान्य केलं होतं.

“बाई,” ते कसेबसे बहिणीला म्हणाले, “मी नोकऱ्या टिकाव्या म्हणून नाही मांगत होतो. जाव्या म्हणून मांगत होतो. सोन्याचा भाव चढते ना...”

रीतानं पदरानं डोळे पुसले, भावाकडे पाहिलं आणि चक्क हसली. “कायले मस्करी करता भाऊ? देव तुमचं इतकं ऐकते, तं वहिनीचे गुडघे काऊन दुखून राहिले?”

शांतीबाईही हसल्या. कबुली फुकट गेली. शिक्षा दूरच, कोणी साधं रागावलंही नाही.

तेवढ्यात गजेंद्रचाच व्हिडिओ कॉल आला. आईशी दोन शब्द बोलून तो म्हणाला, “मामाजींना दे.” फोन यादोरावांच्या हातात आला.

“मामाजी, भाव पाहिला का? मस्त चढला! चला, घरात एकाचं तरी बरं झालं.”

यादोरावांनी त्या वाक्यात टोमणा शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. पोराची दाढी वाढली होती, डोळे जागरणानं सुजले होते, आणि सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

“आवाज कटून राहिला बेटा,” म्हणत त्यांनी फोन बहिणीकडे सरकवला.

“कुठं कटून राहिला?” रीता म्हणाली. “चांगला तं ऐकू येते.”