कपाटातली ओल

दोघा भावांचं सिगारचं दुकान एक, पण बोलणं बंद. वडील गेल्यावर गल्ल्यामागच्या खुर्चीत कोणी बसायचं, यावरून जी तोंडं फिरली ती फिरलीच. थोरला सकाळी दुकान बघायचा, धाकटा संध्याकाळी, आणि मधली दुपार थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी. याचा निरोप त्याला, त्याचा याला. दुकानाचं पोस्ट ऑफिस तीच.

आता सिगार म्हणजे काही बिस्किटं नव्हेत, डब्यात टाकली आणि विसरलो! काचेच्या दाराचं मोठं लाकडी कपाट, तळाच्या खणात ओला स्पंज, आणि हवेतली ओल दाखवणारा काटा. काटा सत्तरच्या आसपास हवा आणि तिथेच टिकायला हवा. खाली गेला तर सिगारवरचं पान सुकतं, वर गेला तर फुगतं, आणि रोज खाली-वर होत राहिला तर फाटतं.

नेमकं तेच चाललं होतं. सुताराने दाराला नवं रबर लावलं, बिजागऱ्या बदलल्या, वर दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. काटा काही ताळ्यावर येईना. आणि फाटावी कोणाची सिगार? तर डॉक्टरांची, दुकानाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची! त्यांनी विकत घेतलेल्या सिगारची पेटी याच कपाटात असायची, आणि त्यांच्याकडे बघून बाकीची गिऱ्हाइकंही आपापल्या पेट्या इथेच ठेवायची. एका दुपारी त्यांनी वहिनीला पानावरची चीर दाखवली.

"आठवडाभर बघतो. नाहीतर पेटी घेऊन जाईन," ते म्हणाले.

पेटी गेली की बाकीचे जाणार आणि दुकानाला टाळं लागणार. वहिनीने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

"धाकट्याला सांग," तो कडाडला, "सकाळी कपाट कोरडं ठणठणीत असतं. मी रोज स्पंज भिजवतो म्हणून चाललंय. ऐदोबा नुसता!"

ती परत दुकानात आली आणि नेहमीसारखी म्हणाली, "भाऊजी, हे म्हणतात, कपाटाकडे जरा लक्ष ठेवा."

"लक्ष? दादाला सांगा, संध्याकाळी आत नुसतं तळं असतं. मी रोज स्पंज पिळून दार उघडं टाकतो. त्याला काट्यातलं शून्य कळतं!"

"सांगते, भाऊजी म्हणतात लक्ष..." असं मनात जुळवता जुळवता वहिनी थबकली. एक भिजवतोय, दुसरा पिळतोय! भांडण वाढू नये म्हणून ती निरोपातलं तिखट गाळायची, आणि तिखटाबरोबर पाण्याची खबरही गाळली जायची.

गुपचूप दोघांना वेगवेगळं समजावता आलं असतं. पण तिला आता या सगळ्याचा उबग आला होता. तिने फोन करून नवऱ्याला बोलावून घेतलं आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"भाऊजी, हे तुम्हाला ऐदोबा म्हणाले. अहो, भाऊजी म्हणाले, तुम्हाला काट्यातलं शून्य कळतं."

"मी ऐदोबा?" धाकटा थेट भावावर उसळला. "रोज स्पंज कोण पिळतं?"

"पिळतोस? अरे गाढवा, तो मी भिजवतो!"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की! शंभरदा सांगितलं, हिच्याजवळ!"

दोघांनी वहिनीकडे पाहिलं. तिला रडूच फुटलं.

"मीच गाळलं," ती म्हणाली. "मला वाटलं, ऐकलंत तर कायमचे तुटाल."

मग थोरल्याने तळाचा खण ओढला. "किती पिळू?" त्याने विचारलं, आणि धाकट्याने काट्याकडे बघून सांगितलं.

आठवड्याने डॉक्टर आले. त्यांनी सिगार बोटांत हलकेच दाबून पाहिली, पेटीत ठेवली आणि पेटी कपाटातच राहू दिली. हल्ली भाऊ दुकानात समोरासमोर भांडतात, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे. निरोपासाठी वहिनीला कोणी हाक मारत नाही. दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि मग ती उठून काटा बघून येते.