प्रोकोपिच शंभर मोजतात

येनिसेई नदीकाठी आमच्या उन्हाळी बागांची एक रांग आहे. तिथे गुलाब कधी लावायचे हे गेन्नादी प्रोकोपिच ठरवतात. मेच्या अखेरीस ते आपल्या न्हाणीघरामागे जातात, विजार खाली करतात आणि उघड्या मातीवर बसून मोठ्याने शंभरपर्यंत मोजतात. शेवटपर्यंत बसवलं तर माती तापली असं समजायचं. आजोबांची रीत.

कुंपणापलीकडे कापितोलिना साविश्ना राहतात. त्या कधी डोकावत नाहीत, पण कान काही बंद करता येत नाहीत. पलीकडे विसावरच शिव्या सुरू झाल्या की त्यांची कुदळ कोपऱ्यात. शंभर पुरे झाले की तासाभरात त्यांचे गुलाब जमिनीत. आणि ऑगस्टमध्ये लोक फुलं बघायला जाणार ते त्यांच्याकडे.

"बसायचं मी आणि फुलायचं हिच्याकडे," प्रोकोपिच मला म्हणाले. हे त्यांना फार सलत होतं.

गेल्या वर्षी नऊ मेलाच ते न्हाणीघरामागे गेले. सावलीत अजून बर्फ होतं. या खेपेला बगलेत लोकरीच्या नमद्याची जाड घडी होती. तिच्यावर बसून त्यांनी खणखणीत आवाजात शंभर मोजले, मग वाफ्यात विलोच्या वाळक्या काड्या रोवल्या आणि त्यांना पाणीही घातलं. खरी रोपं तळघरात, ओल्या भुशात निजलेली होती. संध्याकाळपर्यंत साविश्नांच्या वाफ्यातही गुलाबाच्या छाटलेल्या रोपांसारख्या सहा काड्या उभ्या राहिल्या. प्रोकोपिच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दोन आठवडे ऊन पडलं. मग रेडिओवर सांगितलं, उद्या पहाटे बर्फ पडणार. प्रोकोपिच पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"सहा रोपं आहेत हो तिची."

"मग सांगा त्यांना."

"काय सांगू? नमद्यावर बसलो होतो म्हणून?"

पहाटे ते कुंपण ओलांडून गेले, खांद्यावर घरातली चांगली रजई. मागून मी, रोपांवर पालथ्या घालायला बादल्या घेऊन. गुडघ्यांवर बसून ते एकेक रोप गुंडाळत होते, तेवढ्यात साविश्ना चहाचा पेला हातात घेऊन पायरीवर आल्या.

"काय चाललंय, प्रोकोपिच?"

"थंडी आहे."

"ते दिसतंय. पण माझ्या रास्पबेरीच्या वाळक्या काड्यांना रजई कशाला?"

प्रोकोपिच तिथेच बर्फात मांडी ठोकून बसले. त्यांनी विचारलं, "कळलं कसं तुम्हाला?"

"बत्तीस वर्षं सुईणपण केलंय मी. खरी कळ सोसणारं माणूस इतक्या सुरात मोजत नाही."

"मग काड्या कशाला रोवल्या?"

"तुम्ही कुंपणाशी उभे राहून रोज हसत होता. बघून बरं वाटायचं."

त्यांचे गुलाबही तळघरातच होते. त्यांनी आम्हाला आत बोलावून चहा आणि कोबी भरलेला गरम पाव दिला. रजई चुलीशी वाळत घातली.

सहा जूनला प्रोकोपिच पुन्हा न्हाणीघराकडे निघाले, तसं साविश्नांनी त्यांना थांबवलं. बाही वर केली, वाफ्यात बोटभर उकरलं आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं मातीला कोपर लावलं.

"तापलीय. लावा. कलमाची गाठ चार बोटं खाली जाऊ द्या, नाहीतर हिवाळ्यात मरेल."

"एवढंच? दरवर्षी असंच बघता?"

"दरवर्षी."

"आणि मी इतकी वर्षं... सांगितलं का नाहीत?"

साविश्ना बाहीची माती झटकत म्हणाल्या, "रांगेतल्या सगळ्या बायकांना विचारलं होतं मी. नको सांगायला, असंच मत पडलं."

प्रोकोपिच तणतणत घरात गेले. पण संध्याकाळपर्यंत त्यांचे अकरा गुलाब जमिनीत गेले होते, आणि प्रत्येकाची गाठ चार बोटं खाली आहे ना, ते साविश्ना कुंपणावरून वाकून बघत होत्या.