नाही म्हणेल त्याचा एक बूट

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चौघांनी खेळ सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे साधा पडदाही नव्हता. प्रेक्षकांनी एक शब्द द्यायचा आणि यांनी त्यावरून उभ्या उभ्या नाटुकलं रचायचं, एवढाच कारभार. नियम मात्र एक होता आणि तो कडक पाळला जाई. जोडीदार म्हणेल ते मान्य करायचं. तू घोडा म्हटलं की घोडा. जो "नाही" म्हणेल त्याने एक बूट काढायचा आणि शेवटपर्यंत तसंच वावरायचं.

त्या चौघांतल्या एकाला सगळे चक्रम म्हणत; तो पुढे नावारूपाला आला. आधी जाहिराती, मग मालिका. मालिकेत तो विसराळू काका झाला आणि चौदा वर्षं विसराळू काकाच राहिला. "माझा चष्मा कुठाय?" म्हटलं की घरोघरी हशा पिके. वाक्यं लेखक लिहून देई, हा पाठ करी. मग मालिका संपली आणि चक्रम घरी बसला.

दीड वर्षाने एका दिग्दर्शिकेचा फोन आला. "माझ्या चित्रपटात संवाद लिहिलेले नसतात. तुम्हाला अजून न लिहिलेलं बोलता येतं का, ते बघायचंय."

"रविवारी पाच वाजता या," चक्रम ऐटीत म्हणाला. जुनी मंडळी अजून दर रविवारी खेळ करत होती. फोन ठेवला आणि त्याने कोरी वही शोधायला घेतली.

आठवडाभर त्याने वहीत विनोद लिहून काढले, कुठल्याही विषयात घुसवता येतील असे. न्हाणीघरात तो ते पाठ करत असताना बायकोने दाराबाहेर थांबून ऐकलं.

"अहो, आयत्या वेळी बोलायचंय ना? मग हे पाठांतर कसलं?"

"आयत्या वेळेचीच तयारी करतोय."

"बरं. मीही आज भात आयत्या वेळीच टाकते."

रविवारी जोडीला चौघांतलीच शिंपीणताई होती. पोटापाण्यासाठी तिने आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून बेतात बसवून दिले, पण एक रविवार चुकवला नाही. प्रेक्षकांतून शब्द आला, "कपाट". ताईने कमरेवर हात ठेवले.

"अरे मेल्या, आईला कपाटात कोंडलंस?"

चक्रमच्या जिभेवर वहीतला विनोद तयार होता. "नाही हो, मी दातांचा डॉक्टर!"

सगळं थंड. कुणीतरी खोकलं. ताई त्याच्या पायांकडे बघत राहिली.

नियम प्रेक्षकांना ठाऊक नव्हता. न पाळता पुढे रेटलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या रांगेत दिग्दर्शिका मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहीत होती. चक्रम वाकला, नाडी सोडली, बूट काढला. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला.

"आता बूट का काढलास?" ताईने विचारलं.

वहीत याला उत्तर नव्हतं. त्याने हातातला बूट उलटा करून पाहिला.

"आईला हवाय. म्हणते, दोन्ही दे, मग बाहेर येते."

"मग दे की!"

"अगं, दोन बूट हातात घेऊन ती काय माझे पापे घ्यायला येणारे?"

खोली हसली. पुढची वीस मिनिटं चक्रम एकाच बुटानिशी नाचत कपाटाची मनधरणी करत होता. वहीची त्याला आठवणही झाली नाही.

खेळानंतर दिग्दर्शिका त्याच्याजवळ आली. "खरं सांगा, सगळं आयत्या वेळचं होतं?"

हो म्हटलं असतं तर काम पदरात पडलं असतं. ताई कोपऱ्यात टाचण्या डबीत भरत होती.

"नाही," चक्रम म्हणाला. "दातांच्या डॉक्टरचं घरून आणलं होतं." आणि त्याने वही तिच्या हातात दिली.

"तेवढंच फसलं," ती पानं चाळत म्हणाली. मग तिने वही आपल्या पिशवीत टाकली. "ही माझ्याकडे राहू दे. शूटिंग संपलं की परत देते."



"नाही म्हणालास," ताई कोपऱ्यातून म्हणाली. "दुसराही काढ."

तो मुकाट्याने स्टुलावर बसला आणि नाडी सोडू लागला.