कपाटातला कोरा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, पण अजून नव्यासारखा दिसतो. याचीच मला लाज वाटते.

पुण्याच्या एका छापखान्यात मी जन्मलो आणि १९८४ साली धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आलो. पहिल्याच दिवशी मला खाकी कव्हर चढलं आणि काचेच्या कपाटात माझी रवानगी झाली. तिथली रीतच तशी होती. पुस्तकं शिक्षण खात्याच्या साहेबांच्या तपासणीसाठी असत, मुलांसाठी नव्हे. किल्ली इंग्रजीच्या रतिलाल सरांकडे. सर वाईट नव्हते. पान फाटलं तर जाब त्यांना द्यावा लागे, म्हणून भीत. मी मात्र फुशारलो होतो. ना धूळ, ना डाग, नुसता थाट!

आठवीत पंचशीला नावाची मुलगी होती. तालुक्याच्या इंग्रजी स्पर्धेला वर्गातून एकच जण जाणार होतं. चाचणीत ज्याला जास्त गुण, त्याला सर पाठवणार होते. चाचणीत 'फेअर' या शब्दाचा अर्थ विचारला होता. तिने लिहिलं, 'रास्त'. आबांबरोबर रेशन आणायला जाताना रास्त भाव दुकानाच्या पाटीवर तिने तो शब्द वाचला होता. सरांच्या गाइडात फक्त 'गोरा' होतं. तिचं उत्तर चुकीचं ठरलं आणि एका गुणाने तिच्याच वर्गातला अभिमन पुढे गेला.

तिने उभं राहून विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "दुकानाच्या पाट्या वाचून इंग्रजी शिकतेस का गं?" वर्ग हसला. ती चाचरत म्हणाली, "सर, कपाटातल्या मोठ्या पुस्तकात बघू या ना."

"तपासणी होऊ दे. मग बघू."

मधल्या सुट्टीत ती शिपाई धनसिंगभाऊंकडे किल्ली मागायला गेली. ते मान खाली घालून म्हणाले, "किल्ली मनाजोडे नही शे, माय." मग ती काचेला नाक लावून उभी राहिली. मित्रांनो, त्या एका शब्दाचे कितीतरी अर्थ माझ्या पोटात होते. गोरा होता, जत्रा होती, निरभ्र होतं, बऱ्यापैकी होतं, आणि त्यांच्यात रास्तही होतं. पण मला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. ती वीतभर अंतरावर होती, मधे फक्त काच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अभिमनचं नाव त्याच संध्याकाळी धुळ्याला गेलं. पुढच्या आठवड्यात साहेब आले. त्यांनी मला हातात घेतलं. माझी पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. "वस्तू जपावी तर अशी," साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या. पंचशीलानेही वाजवल्या. ते कौतुक मला फार झोंबलं.

साहेबांची जीप गेल्यावर सरांनी मला उघडलं. तो शब्द काढला, बोट फिरवत वाचला, आणि बोट मधेच थांबलं. त्यांचे कान लाल झाले. आता ते तिला हाक मारतील असं मला वाटलं. ती समोरच नळावर पाणी पीत होती. सरांनी मला मिटलं, कव्हर पुसलं आणि कपाटाला कुलूप घातलं. त्यानंतर पंचशीलाने इंग्रजीच्या तासाला कधी हात वर केला नाही.

मित्रांनो, आम्हाला खुशाल हाताळा. पानं मळली तर मळू द्या, फाटली तर खळीने चिकटवा. शब्दाला एकच अर्थ असतो असं कुणी म्हणालं, तर आम्हाला खाली काढा. आणि मोठेपणी किल्ली तुमच्या हाती आली, समोर एखादी पोर विचारत उभी राहिली, तर तिला "मग बघू" म्हणू नका. तेव्हाच बघा.